आईला कळलं नव्हतं

आमच्या वाडीत घड्याळं नव्हती असं नाही. घरटी एक भिंतीवर होतं आणि त्यातली बरीचशी चालूही होती. पण होड्यांची मासळी घ्यायला किनाऱ्यावर कधी उतरायचं हे बायका घड्याळ बघून ठरवत नसत, माझ्या आईकडे बघून ठरवत. आई हातातलं काम टाकून उठली, पाटी उचलली, डोक्यावर चुंबळ ठेवली, की शेजारची काकी आपल्या अंगणातून हाक द्यायची, "गो, ती उठली." ती हाक घरोघर पुढे जायची आणि बघता बघता सगळ्या बायका माडांमधल्या वाटेने वाळूकडे निघालेल्या असायच्या. समुद्रावर तेव्हा होडीचा ठिपकासुद्धा नसायचा.

बाबांची होडी परत यायला निघाली की आईला घरबसल्या कळतं, असं सगळी वाडी मानायची. त्यात कोणाला नवल वाटत नव्हतं. कोणाच्या हाताला चव असते, कोणाचा गळा गोड असतो, तसं हिला कळतं, एवढंच. मी शाळेत असताना एकदा तिला विचारलं होतं.

"तुका कसा कळता गो आये?"

"तुका भूक लागली ती कशी कळता? तसा."

विषय तिथेच संपला. हिच्याशी वाद घालायची सोय नव्हती. मला मात्र वाद घालायची खोड तेव्हापासूनची, आणि ती पुढे भौतिकशास्त्र शिकायला गेल्यावर चांगलीच बळावली.

अठ्ठ्याण्णव साली मी बी.एस्सी.ला होते. आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एक सर होते. वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरातले, आजोळ गोव्याचं, बोलणं अगदी हळू. मागच्या बाकावर ऐकू येत नाही म्हणून पोरं त्यांच्या तासाला झोपायची. विज्ञान मंडळात त्यांनी एकदा परामानसशास्त्रावर व्याख्यान दिलं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, लांब घडलेलं जाणवणं, पुढचं आधी दिसणं, या गोष्टींवर परदेशात शतकभर प्रयोग चाललेत, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एका खोलीत एकाने पत्ता बघायचा, दुसऱ्या खोलीत दुसऱ्याने तो ओळखायचा. पत्त्यावर चांदणी, फुली, लाटा अशी चित्रं. काही जणांचे अंदाज नुसत्या नशिबाने यावेत त्याहून जास्त बरोबर आले. पण बंदोबस्त कडक केला की ते जास्तीचं हळूहळू आटत गेलं. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला तसा जमेना. फसलेले प्रयोग कपाटात राहिले आणि जमलेले तेवढे छापले गेले, असा आरोप झाला. यावर या विषयातल्या काही लोकांचं म्हणणं असं, की शंका घेणारा माणूस जवळ असला की ही शक्ती काम करत नाही.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उभी राहून म्हटलं, "सर, म्हणजे पकडायला गेलं की पळतं, आणि पळालं हाच तुमचा पुरावा. हे शास्त्र कसलं?"

पोरं हसली. सर रागावले नाहीत. "बरेच शास्त्रज्ञ तुमच्याच बाजूचे आहेत," ते म्हणाले. "मीही बराचसा आहे. पण माणसं असं काही सांगतात, हे तर खरं आहे ना? ते कोणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं. ऐकताना दोन गोष्टी विचारायच्या. बातमी येण्याआधी हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं का? आणि तुमच्याशिवाय कोणी पाहिलं होतं का? बहुतेक हकिगती इथेच गळून पडतात."

मी घरी आले ती आईला तपासायचं ठरवूनच. तिला काही सांगितलं नाही. सुट्टीभर ती कधी उठते आणि होडी कधी दिसते यावर लक्ष ठेवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणांच्या शेजारी माझ्या खुणा केल्या. त्यातून जे निघालं ते इतकं सोपं होतं की आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला हसू आलं. आई उठायची, बायका वाळूवर जायच्या, सुरूच्या सावलीत बसून गप्पा मारायच्या. कधी पाच मिनिटांत होडी दिसायची, कधी ऊन कलेपर्यंत दिसायची नाही. पण होडी शेवटी येणार हे ठरलेलंच. आणि ती आली की सगळ्या म्हणायच्या, "बघ, तिका कळला होता." मधे किती वेळ गेला हे कोणी बघतच नव्हतं. चुकायला जागाच नसलेली परीक्षा होती ती, आणि आई त्यात वर्षानुवर्षं पहिली येत होती.

शिवाय ती उठायची ते बहुधा वारा फिरल्यावर. सकाळचा जमिनीकडचा वारा पडायचा आणि दर्याकडचा खारा वारा सुरू व्हायचा. शिडाच्या होड्या त्याच वाऱ्याने परत यायच्या. आईच्या अंगाला तो वारा कळत असणार आणि तिला वाटायचं, बाबा कळले.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते वाळूवर जाळं विणत बसले होते. मी फार खुशीत होते. त्यांनी सगळं ऐकलं, सुई थांबवली नाही.

"बरा शोधलंस," ते म्हणाले. "पण तिका सांगा नको."

"कित्या? खरा ता खरा."

"खराच आसतला. पण थंय दर्यात आसताना माका बरा वाटता. परतीक लागलंय की वाटता, आता ती उठली आसतली."

मी आईला सांगितलं नाही. बाबांनी सांगितलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांच्या संसारात सोनंनाणं नव्हतं, हौसमौज नव्हती, जे काही मिरवायचं होतं ते एवढंच होतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं म्हणून. माझं शास्त्र मी कॅलेंडरबरोबर पुढच्या वर्षी रद्दीत घातलं.

पुढे मी बी.एड. केलं आणि कसालच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं, शनिवारी दुपारच्या एसटीने घरी. शाळेत माझा दरारा होता. कोणी पोर भुताखेताचं काही बोललं की मी त्याला फळ्यापाशी उभं करून इतके प्रश्न विचारायची की भूतच पळून जावं. पोरांनी मला ठेवलेलं नाव मला माहीत होतं, ते इथे सांगत नाही.

बाबा गेले ते नारळी पौर्णिमेनंतरच्या दिवसांत. दर्याला नारळ देऊन होड्या नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या. रविवार होता, मी घरी होते. पाऊस उघडला होता आणि स्वच्छ ऊन पडलं होतं. काकीच्या अंगणात आई आणि दोघीतिघी गोलमा निवडत बसल्या होत्या. गोलमा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, पावसाळ्यात दमट होते म्हणून उन्हं आली की बाहेर काढायची. मी आमच्या ओसरीवर चाचणीचे पेपर तपासत होते. दोन्ही अंगणांच्या मधे फक्त जास्वंदीचं कुंपण, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. काकी नक्कल करत होती. मला बघायला आलेला एक मुलगा, घाटावरचा, त्याला आम्ही बांगड्याची आमटी वाढली होती. तो काटे कसे काढत होता आणि काटा लागू नये म्हणून कसं तोंड करत होता, ते काकी साग्रसंगीत करून दाखवत होती. आई हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने पुसलं. ती उठली नाही. एकदाही उठली नाही. समुद्राकडे तिची पाठ होती.

त्याच वेळी खाडीच्या तोंडाशी लाट फुटून बाबांची होडी उलटली. बाबांचा होडीवरचा जोडीदार खडपाला, म्हणजे पाण्यातल्या खडकाला, धरून राहिला, त्याला दुसऱ्या होडीने उचललं. बाबांचं डोकं खडपावर आपटलं. बातमी आली तेव्हा बायका अजून गोलमाच निवडत होत्या. संध्याकाळी बाबांना वाळूवर आणलं.

आई रडली, जशी कुठलीही बाई रडेल तशी. पण तिसऱ्याचौथ्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं आणि त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. मागीलदारच्या पायरीवर बसायची, समोर पेजेचा वाडगा तसाच. कोणी बोललं तर एकच बोलायची.

"माका कसा कळाक नाय?"

बायकांना तिचं दुःख बरोबर समजलं होतं. त्या रोज यायच्या आणि तिच्यासाठी खुणा घेऊन यायच्या.

"अगो, कळला होता तुका. त्या दिसा सकाळी तुझा दूध उतू गेला नाय?"

"दूध नव्हताच घरात त्या दिसा," आई म्हणायची.

"कावळो आरडत होतो गो तुझ्या दारात. मी आयकलंय."

"कावळो रोजच आरडता. मासळीवाल्यांच्या दारात आरडूचो नाय तर खंय आरडतलो?"

"तुझो डोळो लवत होतो म्हणा होतंस."

"ता आदल्या आठवड्यात. नि ता गोलम्याची धूळ गेल्ली म्हणान."

मी आत बसून ऐकत असे. माणूस गेल्यावर लोक मागे जाऊन खुणा वेचतात, न जुळणाऱ्या टाकतात, जुळणाऱ्या ठेवतात, आणि मग म्हणतात की आधीच कळलं होतं. म्हणूनच असल्या हकिगतींना शास्त्र भीक घालत नाही. हे मी वर्गात शिकवलं असतं तर आईचं उदाहरण दिलं असतं. साऱ्या वाडीत खुणा नाकारणारी ती एकटी होती. तिला एक जरी खूण मान्य करता आली असती तर ती जेवली असती. पण ती खोटं घेत नव्हती.

"थंय तेंचो जीव जात होतो," ती मला एकदा म्हणाली, "नि मी हय काकीची नक्कल बघून हसत होतंय. इतकी वर्सां कळला, नि त्याच दिसा नाय? कायतरी माझाच चुकला आसतला."

मला दोन उत्तरं देता येत होती. पहिलं खरं होतं. आये, तुला कधीच कळत नव्हतं, तो वारा होता, म्हणून त्या दिवशी न कळण्यात तुझी काही चूक नाही. पण असं सांगणं म्हणजे बाबांच्या मागोमाग त्या दोघांमधलं जे होतं तेही उचलून नेण्यासारखं होतं. नवरा गेला आणि वर तो तुला कधी कळतही नव्हता, हे त्या पायरीवर बसलेल्या बाईला सांगायला माझी जीभ उचलेना. बाबांनी सांगू नको म्हटलं होतं ते वेगळंच.

दुसरं उत्तर मी दिलं. बाराव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. ती पायरीवरच होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आये, मी ओसरेर होतंय त्या दिसा. तू मधीच उठलंस."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"काकी नक्कल करी होती तेव्हा. तू उठान उबी रवलंस, दर्याकडे बघलंस. तुझ्या तोंडार हसू नव्हता. मगे परत बसलंस. तुका आठवणा नाय."

"तू बघलंस?"

"बघलंय."

"तू तर ह्या कायएक मानणस नाय."

"मानणंय नाय. पण बघलंय ता बघलंय."

परत बसलंस, हे घालावंच लागलं. बातमी आली तेव्हा ती बसलेलीच होती, हे सगळ्यांना माहीत होतं. माझं बोलणं ऐकून तिने पदर तोंडाला लावला. मग रडली, आधीसारखी, मोठ्याने. आणि रडून झाल्यावर तिने वाडगा जवळ ओढला आणि गार झालेली पेज प्यायली. मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन एकटी रडले. सगळी वाडी सांगून थकली तरी तिने मानलं नव्हतं, आणि माझं मानलं. कारण मी कधीच काही न मानणारी. माझ्या साक्षीला वजन होतं.

महिन्याभराने ती पाटी घेऊन परत किनाऱ्यावर जाऊ लागली. आता ती सगळ्यांच्या मागून निघायची. वाडीत हळूहळू मोबाइल आले, होडीवरूनच फोन यायचा, आणि कोणाला कोणाकडे बघायची गरज उरली नाही. ती उठून उभी राहिल्याची गोष्ट मात्र सगळीकडे झाली. नव्या सुनांना सांगितली जायची. सांगताना आईच्या चेहऱ्यावर दुःख असायचं, पण मान ताठ असायची. मला वाटलं, मिटलं.

चारेक वर्षांनी मानसशास्त्राचे सर निवृत्त झाले. मला वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर भेटले. अशा हकिगती टेपवर गोळा करतायत म्हणाले, आंबोलीपासून किनाऱ्यापर्यंत फिरतायत. कोणीतरी त्यांना आमच्या वाडीतल्या बाईबद्दल सांगितलं होतं. ती माझी आई, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण आईला कुठून तरी कळलं आणि तिनेच निरोप धाडला की येऊ देत सरांना.

ते एका सकाळी आले. आईने त्यांना ओसरीवर बसवलं, शहाळं दिलं. टेप सुरू झाल्यावर ती जरा घाबरली, पण मग नीट सांगू लागली. मी दाराला टेकून उभी होते. शेवटी ती म्हणाली, "माका आठवणा नाय, सर. पण ह्या माझ्या चेडवान बघलंला. ता शाळेत सायन्स शिकयता. ता खोटा बोलूचा नाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. विज्ञान मंडळातलं माझं भांडण त्यांना आठवत असणार. "तुम्ही पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. मी "हो" म्हटलं. ते टेपवर गेलं.

सर माणूस चोख. एवढ्यावर उठले असते तर त्यांच्या कामाला अर्थ नव्हता. त्यांनी आईला त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात. "बातमी येण्याआधी तुम्ही हे कोणाला सांगितलं होतं का?"

"नाय."

"म्हणजे उभ्या राहिलात, समुद्राकडे पाहिलंत. मग काय केलंत?"

आई बोलायला गेली आणि थांबली. शहाळ्याच्या सालीकडे बघत राहिली. टेप फिरत होती.

"बसलंय," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली, आभार मानले आणि दुपारची एसटी गाठायला निघून गेले. त्यांच्यासाठी तो नोंदीचा प्रश्न होता. कोणाला आधी सांगितलेलं नसलं की हकिगत तेवढी कच्ची.

त्या दुपारी आई जेवली नाही. मी काही विचारलं तर "भूक नाय" म्हणाली. पुढच्या शनिवारी मी घरी आले तर ती पुन्हा मागीलदारच्या पायरीवर. 

"कळला होता तर मी बसलंय कित्या गो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुला नक्की माहीत नव्हतं. ओरडून तरी काय झालं असतं, होडी लांब होती.

"लांब नव्हती. खाडयेच्या तोंडार होती. किनाऱ्यार चार पोरगे पत्ते खेळत होते, इंजनाची होडी उबी होती. मी नुसती हाक मारलंय आसतंय तर ते होडी लोटून गेले आसते." तिने हिशेब पुरता केला होता. "तेंचो जोडीदार खडपार रवलो मा इतको वेळ? मगे तेही रवले आसते कोण गेला आसता तर. माका कळला, नि मी परत खाली बसान हसाक लागलंय."

बाबांचा जीव लगेच गेला होता, हे मी सांगून पाहिलं. ते कोणी बघितलं, असं तिने विचारलं. जोडीदाराला विचारलं तर तो म्हणाला, लाटेत काही दिसलं नाही. 

आधी तिला न कळल्याचं दुःख होतं. आता कळून गप्प राहिल्याचं झालं, आणि ते मी दिलं होतं. तिला धीर यावा म्हणून मी जो तुकडा जोडला होता, परत बसलंस, तोच आता तिच्या उरावर बसला होता. दिवसेंदिवस ती खंगत चालली. वाडीतल्या कोणाचाही नवरा दर्यावर निघाला की ती त्या बाईला गाठून सांगायची, काय वाटलं तर गप्प राहू नको, ओरड. सुना आधी ऐकून घ्यायच्या, मग तिला टाळायला लागल्या.

मी खरं सांगायचं ठरवलं. पण नुसतं सांगून भागणार नाही हे मला कळत होतं, पुरावा हवा होता. मी काकीकडे गेले. तिच्याच अंगणात घडलं होतं सगळं. मी म्हटलं, काकी, त्या दिवशी आई उठली नव्हती ना? तू आईला तसं सांग.

काकी माझ्याकडे बघतच राहिली. "उठली नाय? अगो, माझ्यासमोर उठली. मी नक्कल करूची थांबलंय. हातातलो गोलमो खाली पडलो तिच्या."

त्या दिवशी तिथे असलेली दुसरी बाई म्हणाली, उठली होती, आणि तिने छातीवर हात ठेवला होता. या खोटं बोलत नव्हत्या. चार वर्षं गोष्ट सांगून ऐकून ती त्यांना आता दिसत होती. मी एकटीने पाहिलेलं, म्हणजे न पाहिलेलं, आता तिघींनी पाहिलं होतं. सकाळ जशी घडली तशी फक्त माझ्या डोक्यात उरली होती, आणि तिला साक्षीदार कोणी नव्हता. मी त्यांच्या अंगणात उभी राहून चिडून वाट्टेल ते बोलले. काकी रागावली नाही. म्हणाली, बापूस गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही.

वेंगुर्ल्याला जाऊन सरांनाही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कपाटातून ती कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "माझ्याकडची सगळ्यात भक्कम हकिगत ही होती," ते म्हणाले. "पाहणारी विज्ञानाची शिक्षिका, आणि तीही न मानणारी." मग कपाट लावून म्हणाले, "बाकीच्यांत अशा किती असतील, कोण जाणे." त्यांचा चेहरा उतरला होता. येऊन आईशी बोलू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. माझं मीच निस्तरायला हवं होतं.

आई तेव्हा फारशी चालत नव्हती. मी शाळेतून रजा काढून घरी राहिले होते. दुपारी तिचे केस विंचरताना मी सांगायला सुरुवात केली. काहीच शिल्लक ठेवलं नाही. ती उठली नव्हती, समुद्राकडे तिची पाठ होती, ती हसत होती आणि डोळे पुसत होती, हे सांगितलं. मी ते का रचलं ते सांगितलं. कॅलेंडरवरच्या खुणा, वारा, तेसुद्धा सांगितलं. एवढ्या वर्षांत तिला कधी काही कळलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी गप्प राहण्याचा प्रश्नच नव्हता, हे शाळेतल्या पोरांना समजावते तसं दोनदा समजावलं. बोलताना माझा आवाज चढत होता. तिने पटवून घ्यावं म्हणून मी जवळजवळ भांडत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं.  मग मागे हात करून माझा फणीचा हात धरला आणि थोपटला.

"तू कित्या आपल्यार घेतंस गो?" ती म्हणाली. "माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस, ता काय माका कळणा नाय? थंय गेल्यार तुझ्या बापाशीक मीच काय ता सांगान."

मी पुन्हा सांगू लागले, तर म्हणाली, "वेणी घाल आता, उशीर झालो."